पंडिता रमाबाई : समजून उच्चारलेला शब्द

भीमाशंकराच्या डोंगराभोवती आंबेगाव व जुन्नर तालुक्यांत राहणाऱ्या आमच्या मंडळ्यांस पोथीचे श्रवण म्हणजे काय हे सांगावयास नको. श्रावणात देवळात पोथी लागते, वाचणारा वाचीत जातो, ऐकणारे हात जोडून बसतात. अर्थ कळो वा न कळो, शब्द कानी पडला म्हणजे पुण्य पदरी पडले अशी समजूत. आमच्यापैकी पुष्कळांच्या वाडवडिलांनी ह्याच समजुतीने श्रवण केले. ह्या डोंगरात उगम पावलेली भीमा नदी खेड व शिरूर तालुक्यांवरून पुढे दौंड तालुक्यात जाते, आणि त्याच तालुक्यात केडगाव हे गाव आहे. तेथे ज्या थोर बाईंनी आपले उत्तर आयुष्य प्रभूच्या सेवेत घालविले, त्यांचा जन्म असल्याच शब्द ऐकविणाऱ्या घराण्यात झाला होता. आमच्या उपदेशकबंधूंनी त्यांचे चरित्र ह्या एका बाजूने पाहावे अशी आमची इच्छा आहे.

रमाबाईंचा जन्म ता. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. त्यांनी आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविले, आणि ह्याबद्दल त्यांना जातभाईंचा रोष सोसावा लागला. रमाबाई तान्ह्या असतानाच हे कुटुंब घर सोडून तीर्थयात्रेस निघाले ते पुन्हा कोठे स्थिर झाले नाही. देवळाच्या ओसरीवर किंवा नदीच्या घाटावर बसावे, मोठ्याने पुराण वाचावे, येणाऱ्याजाणाऱ्याने फूल, फळ, वस्त्र वा पैसा ठेवावा, त्यावर निर्वाह करावा, असा क्रम होता. अर्थ सांगण्याची विशेष गरज कोणास वाटत नसे. आईने चालता चालता मुलीस संस्कृत शिकविले, आणि लहान वयातच रमाबाईंस भागवताचे हजारो श्लोक मुखोद्गत झाले.

पुढे वाईट दिवस आले. देवांस संतुष्ट करावे म्हणून उपासतापास, जप, दानधर्म ह्यांत होते नव्हते ते सारे खर्ची पडले. इ. स. १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात वडील, मागोमाग आई व थोडक्याच काळाने वडील बहीण अन्नावाचून मरण पावली. ज्यांनी आयुष्यभर पवित्र मानलेले शब्द उच्चारले, त्यांच्या तोंडी शेवटी घासही नव्हता. रमाबाई व त्यांचे बंधू श्रीनिवास पायी हिंडत हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले. तेथील पंडितांनी ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या.

ह्याच कलकत्त्यात त्यांनी ख्रिस्ती प्रार्थना प्रथम पाहिली. मंडळी खुर्च्यांपुढे गुडघे टेकून, डोळे मिटून काही बोलत होती. हे लोक खुर्च्यांचीच पूजा करीत आहेत असे भावाबहिणीस वाटले! आम्हांस ही गोष्ट वाचून प्रत्येक वेळी हसू येते, आणि लगेच असे मनात येते की आमच्या एखाद्या गावच्या उपासनेत नवखा मनुष्य येऊन बसला तर त्यास तरी काय वाटत असेल? त्या दिवशी त्यांस संस्कृत बायबलाची एक प्रत भेट मिळाली. संस्कृतात पारंगत असूनही रमाबाईंस त्या पुस्तकाची भाषा व शिकवण परकी वाटली, व त्यांनी ते बाजूस ठेवले. मात्र ते त्यांनी टाकून दिले नाही.

बंधूंच्या मृत्यूनंतर १८८० साली त्यांनी बिपिन बिहारी मेधावी ह्या बंगाली गृहस्थांशी विवाह केला. १८८२ साली पती पटकीने वारले, व पदरी एक लहान मुलगी, मनोरमा, राहिली. त्या पुण्यास आल्या, आणि १८८३ साली विलायतेस गेल्या. वैद्यकी शिकावी असा हेतू होता, परंतु कानांनी ऐकू कमी येऊ लागल्यामुळे तो सोडावा लागला. जिचे सर्व बालपण ऐकण्यात व ऐकविण्यात गेले तिचेच कान अधू व्हावे! वाँटेज गावच्या भगिनींच्या आश्रमात असताना त्याच वर्षी ता. २९ सप्टेंबर रोजी मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

परंतु बाप्तिस्मा झाला म्हणून समोर येईल ते वाक्य त्यांनी मान्य केले नाही. जे मनास पटले नाही ते ओठांनी म्हणावयाचे नाही, असा त्यांचा बाणा होता, आणि मतांगीकारातील काही कलमांवरून भगिनींशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार झाला. क्रुसावर लॅटिन शब्द कोरलेले होते त्यासही त्यांनी हरकत घेतली. आपल्या देशात लॅटिन कोणास कळते, त्यापेक्षा संस्कृत बरे, असे त्यांचे म्हणणे पडले. काही वाचक म्हणतील की हा हट्टीपणा होय. आम्हांस तसे वाटत नाही. ज्या घरात न समजलेल्या शब्दांनी कोणाचेही पोट भरले नाही, त्या घरची ही मुलगी होती. पुढे कित्येक वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला परंतु ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यांनी ओळखले व त्या त्यास शरण गेल्या.

मुंबईस १८८९ साली उघडलेले व पुढील वर्षी पुण्यास नेलेले शारदासदन, त्यावरून उठलेले वादळ, ह्या गोष्टी सर्वश्रुत आहेत. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्यप्रांतात जाऊन उपाशी विधवा व मुली गोळा केल्या व केडगावी आणिल्या. त्यांतून मुक्ति मिशन उभे राहिले.

१९०५ च्या जानेवारीत बाईंनी रोज प्रार्थनेसाठी जमण्यास मुलींस बोलाविले. आरंभी सुमारे सत्तर जणी आल्या, जूनपर्यंत त्या पाचशेंच्या वर झाल्या. जूनअखेरीस त्या मुलींत जागृती होऊन शेकडो कंठांतून एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना होऊ लागली. कोणी पापे कबूल करून रडे, कोणी आनंदाने गाई. बाहेरच्या काही ख्रिस्ती लोकांस हा गोंगाट वाटला. बाईंनी मात्र असे लिहिले की हिंदी लोकांची भक्ती हिंदी रीतीनेच बाहेर पडू द्यावी, तिच्यावर परदेशी शिस्त लादू नये. त्या मुली दुष्काळातून आलेल्या, बहुतेक निरक्षर. त्यांस जडजड शब्द ठाऊक नव्हते. जे म्हणावयाचे ते त्या घरच्या बोलीत म्हणत. आम्ही अनेक सभांत असे पाहिले आहे की उपदेशक देवाच्या गुणांची लांबलचक संस्कृत मालिका म्हणतो व मंडळी पेंगते, आणि मागे बसलेली एखादी म्हातारी आजारी नातवासाठी चार शब्द बोलली की सारी सभा आमेन म्हणते. त्या जागृतीतून मुलींच्या टोळ्या आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगण्यास जाऊ लागल्या.

आता बाईंचे शेवटचे व आमच्या मते सर्वांत कठीण काम. त्या वेळचे मराठी बायबल संस्कृत शब्दांनी भरलेले असल्यामुळे खेड्यातील बायकांस ते ऐकूनही उमजत नाही, असे त्यांच्या ध्यानी आले. तेव्हा चाळिशी उलटल्यावर त्यांनी इब्री व ग्रीक भाषा शिकण्यास घेतल्या आणि साऱ्या पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर आरंभिले. ज्यांनी विलायतेत क्रुसावर संस्कृत अक्षरे मागितली त्याच बाई आता एकेक संस्कृत शब्द वेचून काढू लागल्या, कारण ऐकणारी आता दुसरी होती. विद्वानांस ही भाषा ओबडधोबड वाटली, आणि खरे सांगावयाचे तर आमच्या मंडळ्यांतही ते भाषांतर फारसे रुळले नाही. कित्येक वाक्ये मुळास इतकी चिकटून आहेत की कानास अडखळतात.

१९२१ साली मनोरमाबाई निवर्तल्या. आई त्यानंतर आठ-नऊ महिने जगली व त्या अवधीत भाषांतराचे राहिलेले काम पुरे करून ता. ५ एप्रिल १९२२ रोजी प्रभूजवळ गेली. संपूर्ण पुस्तक १९२४ साली मुक्तीच्या छापखान्यातून बाहेर पडले. खिळे जुळविण्याचे काम तेथल्या बायांनीच केले, आणि त्यांतल्या कित्येकींस केडगावी आल्या त्या दिवशी एक अक्षरही ओळखता येत नव्हते.