सर जॉन चार्नली : एक सत्यनिष्ठ शल्यविशारद

पाय धड आहेत तोवर त्यांचे मोल माणसास कळत नाही. खुब्याचा सांधा झिजला की देवदर्शनाची पायरीही डोंगराएवढी वाटू लागते. अशा असंख्य पीडितांना पुन्हा चालते करणारे थोर अस्थिशल्यविशारद म्हणजे सर जॉन चार्नली.

२९ ऑगस्ट १९११ रोजी इंग्लंडमधील लँकेशायर परगण्यात बरी या गावी त्यांचा जन्म झाला. वडील औषधविक्रेते, तर आई परिचारिका. मँचेस्टर येथे वैद्यकीय शिक्षण घेऊन १९३५ मध्ये ते पदवीधर झाले. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लष्करी वैद्यकीय दलात सेवा केली. यंत्रविद्येची त्यांना उपजतच ओढ होती.

खुब्याचा सांधा हा उखळीसारखा. खोलगट वाटीत मांडीच्या हाडाचा गोल माथा फिरतो. त्या काळी अ‍ॅक्रिलिकचा कृत्रिम माथा बसविलेल्या एका रुग्णाचा सांधा चालताना करकरत असे. इतरांनी ती किरकोळ बाब मानली असती; चार्नलींनी मात्र त्यातून घर्षण हेच अपयशाचे मूळ असल्याचे ओळखले. त्यांनी पोलादाचा लहान माथा, टेफ्लॉनची वाटी आणि दोन्ही हाडांत पक्के बसविण्यासाठी अ‍ॅक्रिलिक सिमेंट अशी योजना केली. वेदना थांबल्या, रुग्ण चालू लागले.

परंतु हे यश क्षणभंगुर ठरले. टेफ्लॉन अल्पावधीतच झिजू लागले आणि त्याच्या कणांनी भोवतालच्या ऊतींना अपाय झाला. सुमारे ३०० शस्त्रक्रिया झालेल्या होत्या. चार्नलींनी आपली चूक झाकली नाही. त्या रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचे ओझे त्यांनी स्वतः उचलले. इतकेच नव्हे, तर हा पदार्थ शरीरात काय करतो हे जाणण्यासाठी त्यांनी तो स्वतःच्या मांडीत टोचून घेतला.

मे १९६२ मध्ये एका विक्रेत्याने उच्च घनतेच्या पॉलिइथिलीनचा तुकडा त्यांच्या कार्यशाळेत आणला. चार्नलींनी तो निरुपयोगी ठरविला. त्यांचे सहकारी तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी मात्र तो झीज मोजण्याच्या यंत्रावर चढविला. टेफ्लॉन एका दिवसात जितके झिजे, तितकेही ते तीन आठवड्यांत झिजले नाही. चार्नलींनी आपले मत तत्काळ बदलले. नोव्हेंबर १९६२ पासून त्याची वाटी वापरण्यास आरंभ केला आणि हा पदार्थही स्वतःच्या शरीरात परखून पाहिला.

पूर्वी क्षयरोग्यांसाठी असलेले रायटिंग्टन रुग्णालय ही त्यांची कर्मभूमी. जंतुसंसर्ग टाळण्यासाठी त्यांनी शस्त्रक्रियागृहात गाळलेल्या शुद्ध हवेची बंदिस्त जागा उभारली. आधीच्या अनुभवाने सावध झालेल्या चार्नलींनी हा सांधा इतरांच्या हाती देण्याची घाई केली नाही. आपल्याकडे प्रशिक्षण घेतलेल्या शल्यविशारदांनाच प्रारंभी तो वापरू दिला. मृत्यूनंतर बसविलेला सांधा तपासण्यास द्यावा, अशी विनंती ते रुग्णांना करीत. अनेकांनी ती कृतज्ञतेने मान्य केली.

१९७४ मध्ये लास्कर पारितोषिक, १९७५ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व आणि १९७७ मध्ये सर हा किताब त्यांना लाभला. ५ ऑगस्ट १९८२ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

आज जगभर होणाऱ्या खुबारोपणाचा पाया त्यांच्याच तत्त्वांवर उभा आहे. विद्वत्ता अनेकांजवळ असते. परंतु स्वतःची चूक मान्य करून ती स्वहस्ते निस्तरण्याचे धैर्य विरळाच. चार्नलींचे खरे मोठेपण त्यातच आहे.