बर्फावरचे होबी बेकर



या वेळच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी आम्हाला एका खेळाडूचे चरित्र लिहायला सांगितले. वर्गात बहुतेकांनी ध्यानचंद घेतले, दोघांनी खाशाबा जाधव घेतले. मग मी हॉकीच घेतली, पण बर्फावरची. आपल्या गावात बर्फ फक्त गोळेवाल्याच्या गाडीवर दिसतो, म्हणून आधी खेळ सांगते.

अमेरिकेत आणि कॅनडात हिवाळ्यात तळी गोठून दगडासारखी होतात. बुटांना खाली पोलादी पाती लावायची आणि त्यावर घसरत पळायचं. चेंडू नसतो. कडक रबराची एक चकती असते, तिला पक म्हणतात. ती तीन इंच रुंद आणि एक इंच जाड असते. वाकड्या काठीने ती ढकलत न्यायची आणि समोरच्यांच्या जाळीत मारायची. आता बर्फावर एका बाजूचे ६ जण असतात, होबींच्या वेळी ७ असत. त्या सातव्याला रोव्हर म्हणत, तो कुठेही जाऊ शके. होबी रोव्हर होते.

होबार्ट बेकर यांचा जन्म १५ जानेवारी १८९२ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात बाला किनविड येथे झाला. सगळे त्यांना होबीच म्हणत. अकराव्या वर्षी वडिलांनी त्याला आणि त्याचा भाऊ थॉर्नटन याला न्यू हॅम्पशायर राज्यातल्या सेंट पॉल शाळेत ठेवलं. तिथे राहूनच शिकायचं. (लहानपणापुरतं मी अरेतुरे करते, रागावू नका.) तिथे तळं गोठायचं आणि पोरं हॉकी खेळायची. होबी काय करायचा, तर रात्री अंधारात एकटाच तळ्यावर जायचा आणि पक ढकलत पळायचा. अंधारात पक दिसतच नाही, काठीला लागतो तेवढाच कळतो. असं करून करून त्याला खाली न बघता खेळता यायला लागलं. बाकीचे खाली बघत, हा समोर कोण येतोय ते बघायचा. मला वाटतं सगळी गंमत इथेच आहे.

१९०७ साली अमेरिकेत बँका बसल्या, व्यापार कोसळला. होबीच्या वडिलांचेही फार पैसे बुडाले. आता दोघांपैकी एकालाच कॉलेजात पाठवता येणार होतं. थॉर्नटनने ती जागा होबीला दिली. होबी पैशाची सोय होईपर्यंत आणखी एक वर्ष शाळेतच थांबला आणि १९१० साली प्रिन्स्टन विद्यापीठात गेला.

हे वाचलं तेव्हा मी वही मिटून ठेवली. माझा दादा दहावीनंतर शिकला नाही. वडिलांचा पाय दुखावला तेव्हापासून शेत तोच बघतो, आणि शाळेत पालक म्हणून सहीलाही तोच येतो. मी मोठी शाळा शिकावी हे घरात त्यानेच आधी काढलं. तेव्हा थॉर्नटनबद्दल पुस्तकवाले एका ओळीत पुढे जातात, ते मला काही पटत नाही.

असो. प्रिन्स्टनला तेव्हा एका विद्यार्थ्याला विद्यापीठाच्या दोनच संघांत खेळता येई. होबींनी बेसबॉल सोडला, फुटबॉल आणि हॉकी ठेवली. अमेरिकेतला फुटबॉल म्हणजे चेंडू हातात धरून पळायचा दांडगा खेळ. होबी तो डोक्याला काही न बांधता खेळत, त्यामुळे त्यांचे पिवळे केस लांबून ओळखू येत. १९१३ साली ते फुटबॉल संघाचे कप्तान होते.

हॉकीत सगळे त्यांनाच घेरायचे. काठ्या मारायचे, धक्के द्यायचे. तरी कॉलेजच्या सगळ्या वर्षांत पंचांनी होबींना नियम मोडला म्हणून एकदाच बाहेर काढलं. आणि सामना संपला की हरोत का जिंकोत, ते समोरच्या संघाच्या खोलीत जाऊन हात मिळवून यायचे. आपण कबड्डीत काय करतो ते सगळ्यांना माहीत आहे, मी लिहीत नाही.

१९१४ साली शिक्षण संपल्यावर ते न्यूयॉर्कला जे. पी. मॉर्गन यांच्या बँकेत लागले. संध्याकाळी सेंट निकोलस क्लबकडून हॉकी खेळत. पैसे घेऊन खेळायला बोलावणी आली, ती त्यांनी घेतली नाहीत. मैदानाच्या दारावर त्यांचं नाव मोठ्या अक्षरांत लावलं तर ते काढायला लावत, असं सांगतात.

पुढे ते विमान चालवायला शिकले आणि पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेले. तिथे ते एका विमान तुकडीचे प्रमुख झाले. तुकडीच्या विमानांना त्यांनी प्रिन्स्टनचे नारिंगी आणि काळा हे रंग दिले. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध संपलं. २१ डिसेंबरला होबींच्या हातात घरी परतायचा हुकूम होता. पण त्यांना शेवटचं एकदा उडायचं होतं. सोबतचे लोक नको म्हणत होते. नुकतंच दुरुस्त केलेलं एक विमान उभं होतं, तेच त्यांनी घेतलं. थोडं वर गेल्यावर इंजिन बंद पडलं आणि विमान तूल गावाजवळच्या तळावर कोसळलं. वय अवघं २६. युद्धात वाचले आणि सामान बांधायच्या दिवशी गेले.

१९२३ साली प्रिन्स्टनला त्यांच्या नावाचं बर्फाचं मैदान उघडलं, त्यावर छप्पर आहे. १९८१ पासून अमेरिकेतल्या कॉलेजांच्या सर्वांत चांगल्या हॉकीपटूला होबी बेकर पुरस्कार देतात. पहिला मिनेसोटाच्या नील ब्रॉटनला मिळाला. नुसते गोल मोजत नाहीत, वागणूक आणि अभ्यासही बघतात. मुलींसाठी १९९८ पासून वेगळा पुरस्कार आहे. तो पॅटी काझमायर यांच्या नावाचा, त्याही प्रिन्स्टनच्याच. त्या १९९० साली आजाराने २८ व्या वर्षी वारल्या.

हा लेख भिंतीवर लावायच्या आधी मी दादाला वाचून दाखवला. थॉर्नटनचा भाग आला तेव्हा तो बैलाचं दावं सोडवत होता, काही बोलला नाही. सगळं झाल्यावर पक केवढा असतो ते त्याने पुन्हा विचारलं. मी बोटांनी दाखवला. गोठ्यामागे ट्रॅक्टरचा जुना टायर पडलाय, त्यातून कापून देतो म्हणाला. बर्फ नाही, पण शाळेच्या व्हरांड्यातली शहाबादी फरशी बरीच गुळगुळीत आहे.