खुर्ची सोडणारा अर्थमंत्री

राळेगणसिद्धीहून रोज कॉलेजला ये-जा करत एमपीएससी-यूपीएससीची तयारी करताय? मग चिंतामणराव देशमुख तुम्हाला माहीत असायलाच हवेत.

महाडजवळच्या नाते गावात १८९६ मध्ये त्यांचा जन्म झाला. मॅट्रिकला पहिले आले, संस्कृतची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्तीही पटकावली. पुढे केंब्रिजला विज्ञान शिकले आणि १९१८ मध्ये लंडनला आयसीएसच्या परीक्षेतही पहिले! १९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, तर १९५० मध्ये देशाचे अर्थमंत्री. १९५२ ला कुलाब्यातून लोकसभेवर निवडूनही आले. इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली ती त्यांच्याच काळात, १९५५ मध्ये.

खरी परीक्षा मात्र पुढेच होती. मुंबई महाराष्ट्राला न देता केंद्रशासित करायचं दिल्लीत घाटत होतं. मुंबईत गोळीबार झाला, माणसं गेली. मंत्रिमंडळात गप्प बसून राहणं सोपं होतं. चिंतामणरावांनी १९५६ मध्ये थेट राजीनामा दिला. १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र झाला.

पद गेलं म्हणून ते घरी बसले नाहीत. तुमच्या कॉलेजात ज्या यूजीसीचं नाव सतत ऐकता, तिचे ते अध्यक्ष झाले, मग दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ ला राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवली, हरले. १९८२ मध्ये त्यांचं निधन झालं.

पोस्ट मिळवायला अभ्यास लागतोच. ती कशासाठी सोडायची, हेही आत्ताच ठरवून ठेवा.