विश्लेषण : साखरेला पर्याय शोधणारे फालबर्ग कोण होते? सॅकरीनमुळे रक्तातील चरबी खरेच घटते का?

चहात साखरेऐवजी इवलीशी पांढरी गोळी टाकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना कॉन्स्टंटिन फालबर्ग हे नाव ठाऊक असेल. कृत्रिम गोडव्याचा सगळा बाजार मात्र या रसायनशास्त्रज्ञापासून सुरू झाला.

फालबर्ग यांचा जन्म १८५० मध्ये रशियातील तांबोव्ह येथे झाला. उच्च शिक्षण जर्मनीत झाले आणि अभ्यासाचा विषय होता साखर! १८७७ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोरच्या एका आयात कंपनीने त्यांना बोलावले. शुद्धतेच्या वादातून सरकारने कंपनीची साखर अडकवून ठेवली होती, ती त्यांनी तपासायची होती. त्यासाठी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रा. आयरा रेमसेन यांची प्रयोगशाळा मिळाली. ते काम संपल्यावरही फालबर्ग तिथेच थांबले आणि डांबरापासून मिळणाऱ्या रसायनांवर संशोधन करू लागले.

पाव गोड का लागला?

फालबर्ग यांनी नंतर सांगितलेली हकिगत अशी. एका संध्याकाळी ते हात न धुताच जेवायला बसले आणि पाव विलक्षण गोड लागला. बोटांची चव घेतल्यावर उलगडा झाला. ते तडक प्रयोगशाळेत परतले आणि टेबलावरचे एकेक भांडे चाखत सुटले. आज असे करणाऱ्या विद्यार्थ्याला प्रयोगशाळेतून हाकलून देतील! सुदैवाने त्यात विषारी काही नव्हते. साखरेच्या सुमारे ३०० पट गोड असलेला पदार्थ हाती लागला. त्याचे सॅकरीन हे नाव लॅटिनमधून आले असले, तरी मूळ शब्द आपला शर्करा.

शोधनिबंध दोघांच्या नावे निघाला. पेटंट मात्र फालबर्ग यांनी रेमसेन यांना वगळून घेतले आणि जर्मनीत माग्देबुर्गजवळ कारखाना काढला. ते श्रीमंत झाले. रेमसेन यांची तक्रार पैशाची नव्हती, श्रेयाची होती. हा राग त्यांनी आयुष्यभर धरला आणि त्यात ते चुकले असे म्हणवत नाही.

पोटात गेल्यावर काय होते?

सॅकरीन सुरक्षित आहे का, हे पाहण्यासाठी फालबर्ग यांनी स्वतःच १० ग्रॅम घेतले आणि २४ तास लघवी तपासली. जवळपास सगळे सॅकरीन न बदलता बाहेर पडले होते. एका माणसावरच्या एका प्रयोगाने सुरक्षितता सिद्ध होत नाही. पण शरीर सॅकरीन जाळून ऊर्जा मिळवत नाही, हे निरीक्षण आजही बरोबर ठरते.

रक्तातील चरबीचा प्रश्न इथेच येतो. साखरेचा निम्मा भाग फ्रुक्टोज असतो. तो गरजेपेक्षा जास्त झाला की यकृत त्याची चरबी बनवते आणि रक्तात ट्रायग्लिसराइड वाढतात. सॅकरीनमधून यकृताला हा कच्चा माल मिळत नाही. म्हणजे गोळी चरबी कमी करत नाही. फायदा होतो तो साखर सुटल्याचा. बिनसाखरेचा चहा घेऊन सोबत चार बिस्किटे खाल्ली, तर हिशेब पुन्हा तिथेच.

मग वाद कशाचा?

अमेरिकेत अन्नशुद्धतेसाठी झगडणारे अधिकारी हार्वे वायली यांना सॅकरीन म्हणजे ग्राहकाची फसवणूक वाटत होती. पण अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना त्यांच्या डॉक्टरांनीच ते सुचवले होते, त्यामुळे ते वायलींवर भडकले. १९०८ मध्ये नेमलेल्या तज्ज्ञ मंडळाचे प्रमुख झाले खुद्द रेमसेन! मंडळाने दिवसाला ०.३ ग्रॅमपर्यंतचे प्रमाण निरुपद्रवी ठरवले. जर्मनीत साखर कारखानदारांच्या दबावानंतर १९०२ च्या कायद्याने सॅकरीन औषध दुकानांपुरते उरले.

पुढे उंदरांमध्ये मूत्राशयाचा कर्करोग दिसल्याने १९७७ नंतर अमेरिकेत पाकिटावर इशारा छापावा लागला. तो परिणाम माणसाला लागू होत नाही, असे स्पष्ट झाल्यावर २००० मध्ये इशारा हटला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन घटवण्यासाठी असे पदार्थ वापरू नयेत, असा सल्ला दिला. दीर्घकाळ वापरणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकाराचे प्रमाण जास्त आढळले. अर्थात, आधीच जाड असलेली माणसेच या गोळ्यांकडे वळतात, त्यामुळे कारण कोणते आणि परिणाम कोणता हे ठरवणे कठीण. ज्यांना आधीच मधुमेह आहे, त्यांना हा सल्ला लागू नाही. त्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

फालबर्ग १९१० मध्ये जर्मनीतील नासाऊ येथे वारले. चारच वर्षांनी पहिले महायुद्ध पेटले, साखर दुर्मीळ झाली आणि औषध दुकानातले सॅकरीन युरोपातल्या घराघरांत पोहोचले.