आवाजावरून चोर ओळखणारा न्यायाधीश

समजा, गर्दीत तुमचा मोबाइल मारला गेला. तुम्ही काय कराल? आधी शिव्या घालाल, मग पोलिस ठाणं गाठाल, ऑनलाइन तक्रार टाकाल, हँडसेट ब्लॉक कराल. फोन परत मिळो न मिळो, जायचं कुठे हे तरी तुम्हाला माहीत असतं.

आता स्वतःला १७४५च्या लंडनमध्ये नेऊन ठेवा. शहराच्या ऐन मध्यवस्तीत, कॉव्हेंट गार्डनमध्ये तुम्ही नाटक बघून बाहेर पडलात आणि खिशातलं घड्याळ गायब. जायचं कुठे? शहराला पोलिस दलच नाही. रात्री कंदील आणि काठी घेऊन फिरणारे पहारेकरी आहेत, पण त्यातले बरेच म्हातारे. कॉन्स्टेबल आहेत, पण ते वर्षभरासाठी पाळी आलेले साधे दुकानदार-कारागीर, तेही बिनपगारी. मग उरतो एकच माणूस. चोर पकडून देण्याचा धंदा करणारा दलाल. त्याला पैसे मोजा, घड्याळ परत. ते त्याच्याकडे इतक्या पटकन कसं आलं, हे मात्र विचारायचं नाही! जोनाथन वाइल्ड नावाच्या अशाच एका दलालाची स्वतःचीच टोळी होती. १७२५मध्ये त्याला फाशी झाली, पण धंदा काही बंद पडला नाही.

कॉव्हेंट गार्डन म्हणजे दिवसा फळं-भाजीचा बाजार. बाजूला दोन मोठी नाट्यगृहं आणि त्यांच्या भोवती कॉफी हाउस, जुगाराचे अड्डे, वेश्यावस्ती, स्वस्त जिनची दुकानं. खिशात पैसे असलेले आणि खिशात काहीच नसलेले लोक त्याच अरुंद गल्ल्यांमध्ये, तेलाच्या दिव्यांच्या मिणमिणत्या उजेडात एकमेकांना घासून जायचे. तिथून दोन पावलांवर बो स्ट्रीट. याच रस्त्यावरच्या एका घरात जॉन फिल्डिंगने आयुष्य घालवलं.

जॉनचा जन्म १७२१चा. नौदलात असताना, एकोणिसाव्या वर्षी, एका अपघातात त्याची दृष्टी गेली. तुमच्यापैकी अनेक जण आज त्याच वयाचे असाल. त्या काळात आंधळ्या तरुणापुढे नातेवाइकांच्या दयेवर जगण्याखेरीज फारसं काही नसायचं. पण त्याचा सावत्र भाऊ हेन्री त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठा होता आणि त्याने जॉनला कायदा शिकवला. हा हेन्री म्हणजे ‘टॉम जोन्स’ कादंबरी लिहिणारा हेन्री फिल्डिंग. इंग्रजी साहित्य घेतलं असेल तर नाव ऐकलं असेलच.

हेन्री १७४८मध्ये दंडाधिकारी झाला आणि बो स्ट्रीटच्या घरात कचेरी थाटून बसला. तेव्हा दंडाधिकाऱ्याची कमाई म्हणजे आरोपी-फिर्यादींकडून मिळणारी फी. जितकी भांडणं जास्त, तितका गल्ला मोठा. हेन्रीने गरिबांकडून शेवटचा शिलिंग काढणं बंद केलं. त्याच्याच हिशेबाने वर्षाची पाचशे पौंडांची कमाई तीनशेवर आली. १७४९मध्ये त्याने सहा भरवशाची माणसं जमवली. सहा! जवळपास सात लाखांच्या शहरात. हेच पुढे बो स्ट्रीट रनर्स म्हणून ओळखले गेले. १७५३च्या हिवाळ्यात खून आणि लूटमार इतकी वाढली की सरकारनेच हेन्रीला उपाय विचारला. त्याने सहाशे पौंड मागितले आणि खबऱ्यांच्या मदतीने टोळ्या फोडल्या. पण तब्येत पार ढासळली होती. १७५४मध्ये लिस्बनला त्याचा मृत्यू झाला.

बो स्ट्रीटची खुर्ची जॉनकडे आली. पुढची २६ वर्षं ती त्याचीच होती.

इथे माझ्यासारख्या पत्रकारितेच्या विद्यार्थ्याचे कान टवकारतात, कारण जॉनचं मुख्य हत्यार होतं वर्तमानपत्र. १७५५च्या सुमारास त्याने योजना मांडली. लंडनभोवती राहणाऱ्या सधन लोकांनी वर्गणी काढायची. कुणी लुटला गेला की लगेच बो स्ट्रीटला घोडेस्वार पाठवायचा. चोर दिसायला कसा, घोडा कुठल्या रंगाचा, काय काय गेलं, सगळं लिहून. त्या स्वाराने वाटेतल्या जकात नाक्यांवर आणि खानावळींतही खबर देत यायचं. जॉन ते वर्णन ‘पब्लिक ॲडव्हर्टायझर’ या दैनिकात छापायचा. सावकारांनी, म्हणजे वस्तू गहाण ठेवून घेणाऱ्यांनी, हा पेपर रोज वाचावा असा त्याचा आग्रह होता. म्हणजे तुमचं घड्याळ कुणी विकायला आणलं, तर दुकानदाराला ते आधीच ठाऊक असणार.

ही कल्पना त्याला कुठून सुचली असावी? दोघा भावांनी पूर्वी एक ऑफिस काढलं होतं. कुणाला नोकरी हवी, कुणाला नोकर, कुणाला भाड्याचं घर, सगळ्यांच्या नोंदी एका जागी, आणि जॉन ते चालवायचा. मला वाटतं, सगळ्या भटकत्या माहितीला एकच पत्ता हवा, हे तो तिथेच शिकला. १७७२पासून तर त्याने फरारी आरोपींची वर्णनं छापून देशभरच्या दंडाधिकाऱ्यांना पाठवायला सुरुवात केली. त्याच पत्रकांमधून पुढे ‘पोलिस गॅझेट’ उभं राहिलं.

डोळ्यांवर काळी पट्टी बांधून बसलेला जॉन तीन हजार चोरांना नुसत्या आवाजावरून ओळखतो, अशी तेव्हा ख्याती होती. आकडा कुणी मोजला असेल असं नाही, पण धाक बसायला तेवढं पुरे. १७६१मध्ये तो ‘सर’ झाला.

पण जॉनला हिरो करून मोकळं होऊ नका. दरोडेखोराला शिक्षा झाली की पकडून देणाऱ्याला चाळीस पौंडांचं सरकारी बक्षीस होतं. मजुराच्या वर्षभराच्या कमाईपेक्षा जास्त. मग काही दलाल गरीब पोरांना गुन्ह्यात अडकवायचे आणि बक्षीस वाटून घ्यायचे. १७५४मध्ये अशी एक टोळी उघडी पडली, तोवर निरपराध माणसं फासावर गेली होती. आपली माणसं तसली नाहीत, हे जॉनला जाहीरपणे पटवून द्यावं लागलं. तरीही त्याची माणसं पोट भरायची ती बरीचशी बक्षिसांवरच. शिवाय तो संशयितांची चौकशी भरल्या कचेरीत, बातमीदारांसमोर करायचा. लोक येऊन चोर ओळखायचे, दुसऱ्या दिवशी सगळं पेपरात. खटला उभा राहण्याआधीच गावाने निकाल दिलेला असायचा, अशी टीका तेव्हाही झाली. आपण ज्याला मीडिया ट्रायल म्हणतो, ती हीच. आणि फाशी होऊ शकेल असे गुन्हे त्या काळी थोडेथोडके नाहीत, दीडशेच्या वर होते.

जॉनच्या कचेरीत येणारे अनेक चोर म्हणजे बिनआईबापाची पोरं होती, आणि हे त्याला चांगलंच कळत होतं. १७५६मध्ये त्याने अशा मुलांना कपडे देऊन जहाजांवर कामाला पाठवलं. दोन वर्षांनी अनाथ मुलींसाठी आश्रम उभा राहिला, त्यातही त्याचा पुढाकार होता. मात्र युद्धाच्या काळात जहाजावर पाठवणं ही कितपत दया होती, हा प्रश्न मला तरी सतावतो.

पैशांचं रडगाणं कायमचं. १७६३मध्ये सरकारने लंडनबाहेरच्या रस्त्यांवर घोडदळाची गस्त घालायला पैसे दिले. लूटमार कमी झाली. लूटमार कमी झाली म्हणून साधारण दीड वर्षात पैसे बंद झाले! लुटारू परतले. तशी गस्त पुन्हा सुरू व्हायला १८०५ उजाडलं.

एक गंमतही सांगते. १७७३मध्ये जॉनने नाट्यगृहांना विनंती केली, की ‘बेगर्स ऑपेरा’ हे नाटक दाखवू नका. त्यात दरोडेखोर नायक आहे, पोरं बिघडतात. नाट्यगृहवाल्यांनी त्याची थट्टा केली आणि नाटक चालूच राहिलं. गुन्हेगारीवरच्या वेब सिरीजबद्दल तुमच्या घरी हेच ऐकलं असेल ना?

जून १७८०मध्ये लंडन पेटलं. कॅथलिकांना मिळालेल्या सवलतींविरुद्ध निघालेला मोर्चा दंगलीत बदलला, तुरुंग फोडले गेले, आणि जमाव बो स्ट्रीटला आला. जॉन तेव्हा आजारी होता, घरात नव्हता. जमावाने घरातलं सामान रस्त्यावर काढून जाळलं. त्यात वर्षानुवर्षं जमवलेले कागद आणि नोंदवह्याही गेल्या.

तीन महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, जॉन वारला. लंडनला पगारी, गणवेशातलं पोलिस दल मिळालं १८२९मध्ये. बो स्ट्रीटचे रनर्स त्यानंतरही दहा वर्षं कामावर होते.