सर सय्यद विलायतेत



सर सय्यद अहमद खान यांची तसबीर आपण अनेकदा पाहिली असेल. भरघोस पांढरी दाढी, डोक्यावर तुर्की टोपी, छातीवर पदके. त्यांनी अलिगढचे कॉलेज काढले हे तर शाळेतले मूलही सांगेल. परंतु हाच माणूस वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी, धड इंग्रजी बोलता येत नसताना, दीड वर्ष घरापासून दूर राहिला, लंडनमध्ये भाड्याच्या खोल्यांत दिवस काढून आला, ही हकीकत फारशी सांगितली जात नाही. आज आपल्यातील कितीतरी घरांचा कर्ता मुलगा आखातात आहे, कुणाचा त्याहूनही दूर. म्हणून त्यांच्या चरित्रातील हाच भाग आपल्यापुढे ठेवीत आहे.

सर सय्यद यांचा जन्म दिल्लीत १७ ऑक्टोबर १८१७ रोजी झाला. घराणे मोगल दरबाराशी संबंधित. पुढे ते कंपनी सरकारच्या न्यायखात्यात नोकरीस लागले. १८४७ मध्ये त्यांनी दिल्लीच्या जुन्या इमारतींवर ग्रंथ लिहिला. १८५७ चा उठाव झाला तेव्हा ते बिजनोरला होते. त्यानंतर दिल्लीची आणि आपल्या समाजाची झालेली वाताहत त्यांनी डोळ्यांनी पाहिली. १८६४ साली गाझीपूर येथे त्यांनी सायंटिफिक सोसायटी स्थापन करून इंग्रजी ग्रंथांची उर्दू भाषांतरे सुरू केली. हे सारे करणाऱ्याने इंग्लंड मात्र पाहिले नव्हते.

संधी आली ती मुलामुळे. धाकटे चिरंजीव सय्यद महमूद यांना इंग्लंडमध्ये शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळाली. वडिलांनी रजा काढून बरोबर जाण्याचे ठरविले. दुसरेही एक कारण होते, आणि माझ्या मते तेच खरे मोठे. सर विल्यम म्यूर यांनी पैगंबरसाहेबांचे चरित्र लिहून त्यात अनेक आक्षेप घेतले होते. त्याला उत्तर द्यायचे तर लंडनमधील ग्रंथालये पाहिल्यावाचून गत्यंतर नव्हते. म्यूरसाहेब त्या वेळी कोण होते? ज्या प्रांतात सर सय्यद न्यायाधीश होते, त्याच प्रांताचे ते लेफ्टनंट गव्हर्नर होते. सरकारी नोकराने आपल्याच प्रांताच्या मुख्याला जाहीर उत्तर देण्याचा हा बेत होता.

पैसा कुठून आणायचा? घर गहाण पडले, जमविलेला पुस्तकसंग्रह विकला गेला. १ एप्रिल १८६९ रोजी बनारसहून पाच जणांचा काफिला निघाला : सर सय्यद, दोन्ही मुलगे हामिद व महमूद, मिर्झा खुदादाद बेग आणि छज्जू नावाचा नोकर. जबलपूर ते नागपूर रेल्वे तेव्हा पुरी झाली नव्हती, म्हणून ती मजल सडकेने मारावी लागली. नागपुराहून मुंबईपर्यंत आगगाडी मिळाली. १० एप्रिलला ‘बडोदा’ नावाच्या आगबोटीने त्यांनी मुंबईचा किनारा सोडला. स्त्रीशिक्षणाचे काम करणाऱ्या मेरी कार्पेंटर याच बोटीवर होत्या. त्यांच्याशी सर सय्यद यांची बातचीत झाली. सुएझचा कालवा त्या वर्षीच्या नोव्हेंबरात खुला झाला. त्याआधीचा हा प्रवास, म्हणून सुएझला उतरून आगगाडीने अलेक्झांड्रिया आणि तेथून दुसरी बोट असा मार्ग होता. त्या बोटीवर कालवा खोदविणारे द लेसेप्स भेटले. फ्रान्समध्ये व्हर्सायच्या राजवाड्यातील भव्य चित्रे पाहताना मात्र त्यांचे मन विषण्ण झाले. अल्जीरियातील अमीर अब्दुल कादिर यांच्या छावणीवरील फ्रेंचांचा विजय तेथे रंगविला होता.

४ मे रोजी मंडळी लंडनला पोहोचली आणि मेक्लेनबर्ग चौकातील २१ क्रमांकाच्या घरात भाड्याने राहू लागली. आता कल्पना करा. बनारसमध्ये ज्याच्या कचेरीसमोर लोक हात जोडून उभे राहत, त्याला येथे साधे बोलणेही मुलाच्या तोंडून करावे लागे. महमूद बोलायचे, वडील ऐकायचे. बाप मुलावर अवलंबून राहतो तेव्हा घरातले सारे नाते जरा हलते. परदेशी राहिलेल्या मंडळींना हे सांगायला नको.

जेवणाखाण्याचा प्रश्न त्यांनी निघण्यापूर्वीच सोडविला होता. १८६८ मध्ये एक पुस्तिका लिहून, किताबी लोकांच्या पंगतीला बसून हलाल अन्न खाण्यास धर्माची आडकाठी नाही, असे त्यांनी प्रतिपादन केले होते. त्यावरून घरी बरेच वादंग झाले होते, परंतु लंडनमध्ये त्यांना चोरून काही करावे लागले नाही.

मोठ्या लोकांच्या भेटी झाल्या. ऑगस्टमध्ये भारतमंत्र्यांच्या हस्ते सी. एस. आय. हे मानचिन्ह मिळाले. अथेनियम क्लबाचे मानद सभासदत्व मिळाले. पण त्यांच्या पत्रांत हे सारे वाचताना डोळा थांबतो तो दुसरीकडेच. घरातील मोलकरीण हातातले काम आटोपले की वर्तमानपत्र वाचीत बसते. गाडीवान गिऱ्हाइकाची वाट पाहताना बैठकीखाली ठेवलेला कागद काढून वाचू लागतो. आपल्याकडचे कित्येक खानदानी लोकही ज्याला मुकले आहेत, ते येथे मोलमजुरी करणाऱ्याच्या हाती आहे! हा विचार त्यांचा पिच्छा सोडीना.

या भरात त्यांनी १५ ऑक्टोबर १८६९ च्या पत्रात आपल्या देशबांधवांविषयी अत्यंत कठोर लिहिले. सुशिक्षित इंग्रजापुढे आपण म्हणजे देखण्या माणसापुढे मळकट जनावर, अशा आशयाची तुलना त्यांनी केली. पत्र अलिगढच्या नियतकालिकात छापले गेले आणि गहजब उडाला. सय्यद अहमद ख्रिस्ती झाले, अशी आवई उठली. टीकेला कंटाळून प्रवासवर्णनाचे लेखन त्यांनी अर्ध्यावरच सोडले.

टीकाकारांचे सगळेच चूक होते असे मला वाटत नाही. सर सय्यद यांनी पाहिले ते बहुतांशी सुखवस्तूंचे लंडन. त्याच शहराच्या पूर्व भागात दारिद्र्याने पिचलेली वस्ती होती. ते तेथे असतानाच, १८७० च्या ऑगस्टमध्ये, ब्रिटिश पार्लमेंटला प्राथमिक शिक्षणाचा कायदा करावा लागला, कारण असंख्य मुलांना शाळाच नव्हती. नवख्या माणसाला परका देश एक तर सर्वस्वी वाईट दिसतो किंवा सर्वस्वी चांगला. सर सय्यद याला अपवाद नव्हते.

एक प्रसंग मात्र त्यांच्या मनात काट्यासारखा रुतला. इंडिया ऑफिसमध्ये हिंदुस्थानातील लोकांच्या छायाचित्रांचा मोठा संग्रह होता. त्यात बरेचसे अर्धनग्न माणसांचे फोटो. मुलगे तो चाळीत असता एका इंग्रज तरुणाने महमूदना विचारले, की तुम्ही हिंदुस्थानी का? महमूद लाजेने लाल झाले. त्यांनी होय म्हटले, पण आपण त्या आदिवासींपैकी नव्हे, आपले पूर्वज बाहेरून आले, असेही जोडले. त्या वेळी ते जेमतेम एकोणीस वर्षांचे होते. मला या उत्तराचे वाईट वाटते. परमुलखात अपमान झाला की माणूस आपल्याहून दुबळ्यापासून दूर सरकून उभा राहतो. वडिलांनी यातून घेतलेला बोध असा, की शिक्षणाने हे चित्र बदलेपर्यंत जगात आपल्याला इज्जत नाही.

बाकी वेळ जाई तो ग्रंथालयात आणि लेखणीशी. इंडिया ऑफिस व ब्रिटिश म्युझियममधील पुस्तके चाळणे, इजिप्त, फ्रान्स, जर्मनीतून ग्रंथ मागविणे, लॅटिनमधील मजकूर पैसे देऊन वाचून घेणे, आपले उर्दू लिखाण पगारी माणसाकडून इंग्रजीत करवणे, हे काम महिनोन्‌महिने चालले. पैसे संपले. स्नेही मेहदी अली, म्हणजे पुढे नवाब मोहसिन-उल-मुल्क, यांना कर्जाऊ रकमेसाठी पत्रे गेली. घरी कळविले, की उरलेली पुस्तके व सामानच काय, तांब्याची भांडीसुद्धा विका, पण पैसे पाठवा. बारा निबंधांचा तो ग्रंथ १८७० साली लंडनमध्ये इंग्रजीत छापला गेला. म्यूरसाहेबांना उत्तर मिळाले, तेही शिवीगाळ न करता, पुराव्यांनिशी.

४ सप्टेंबरला लंडन सोडून २ ऑक्टोबर १८७० रोजी ते मुंबईस परतले. डिसेंबरात त्यांचे ‘तहजीब-उल-अखलाक’ हे मासिक निघाले. त्यांच्या विरोधात मक्केहून फतवा आणण्यापर्यंत मजल गेली. केंब्रिजच्या कॉलेजांत विद्यार्थी व शिक्षक एकत्र राहतात, हे त्यांनी पाहिले होते. २४ मे १८७५ रोजी अलिगढची शाळा उघडली, तिचे कॉलेज झाले, आणि तेथे वसतिगृह हेच मुख्य मानले गेले. मुलांचा पेहराव मात्र केंब्रिजचा नव्हता : काळा तुर्की कोट, लाल टोपी, आणि नमाजासाठी आवारातच मशीद. मुलींचा विचार तेवढा राहिला. लंडनमध्ये वाचणाऱ्या मोलकरणीचे कौतुक करणारे सर सय्यद, १८८२ साली शिक्षण आयोगापुढे मुस्लिम मुलींसाठी शाळांची घाई नको, असेच म्हणाले. अलिगढला मुलींची शाळा निघाली ती त्यांच्या पश्चात, १९०६ मध्ये.

आणि महमूद? ते बॅरिस्टर होऊन १८७२ मध्ये परतले. केंब्रिजच्या धर्तीवरील कॉलेजची योजना १८७३ मध्ये त्यांनीच मांडली. पुढे ते अलाहाबाद हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले आणि त्यांचे निकाल आजही नावाजले जातात. पण दारूने त्यांना ग्रासले. १८९३ साली न्यायासन सोडावे लागले. अखेरच्या दिवसांत वृद्ध पित्याला मुलाचे घर सोडून एका स्नेह्याकडे राहावे लागले. तेथेच २७ मार्च १८९८ रोजी त्यांचे निधन झाले. घरात पैसा उरला नव्हता, कफन-दफनाचा खर्च मोहसिन-उल-मुल्क यांनी केला. कॉलेजच्या मशिदीलगत त्यांची कबर आहे.