कपामागचा माणूस : ड्वाइट डेव्हिस

सप्टेंबर २०१४ मधली गोष्ट. अनंत चतुर्दशी होऊन जेमतेम आठवडा झाला होता. मंडपाचे बांबू अजून कोपऱ्यात रचून ठेवलेले होते आणि आम्ही कार्यकर्ते हिशेब जुळवण्यात गढलो होतो. त्या रविवारी ऑफिसमधल्या एका मित्राकडून दोन तिकिटे मिळाली, म्हणून मुलाला घेऊन कब्बन पार्कमधल्या टेनिस स्टेडियमवर गेलो. डेव्हिस कपाची भारत विरुद्ध सर्बिया ही लढत होती. पहिल्या दिवशी आपण दोन्ही सामने हरलो होतो. शनिवारी पेस आणि बोपण्णा यांनी दोन सेट गमावल्यावर दुहेरी खेचून आणली होती. रविवारी सोमदेव देववर्मन पाच सेट झुंजला आणि बरोबरी झाली, २-२. शेवटचा सामना सुरू झाला आणि बंगळूरच्या सवयीप्रमाणे पाऊस आला. खेळ सोमवारवर गेला आणि सोमवारी आपण हरलो.

त्या पावसात छत्रीखाली उभे असताना मुलाने विचारले की डेव्हिस ही कसली कंपनी आहे? त्याचा प्रश्न चुकीचा म्हणता येणार नाही. हल्ली प्रत्येक कपाला कुठल्या ना कुठल्या कंपनीचे नाव असते. मला एवढेच ठाऊक होते की तो कोणी अमेरिकन गृहस्थ होता. नंतर वाचत गेलो तेव्हा लक्षात आले की कप ही त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट होती, आणि माझ्या मते ती सर्वांत मोठी नव्हे. या वर्षी संपादक मंडळींनी लेख मागितला तेव्हा हाच विषय घ्यायचे ठरवले.

ड्वाइट फिली डेव्हिस यांचा जन्म ५ जुलै १८७९ रोजी अमेरिकेतील सेंट लुईस या शहरात झाला. मिसिसिपी नदीकाठचे हे गाव म्हणजे त्या काळचे मोठे व्यापारी ठाणे आणि मोठे रेल्वे जंक्शन. घराण्याचा कापडाचा घाऊक व्यापार होता आणि पैसा इतका की पोटासाठी काही करण्याची गरजच नव्हती. मुलगा हार्वर्ड विद्यापीठात गेला. डावखुरा होता, अंगाने धिप्पाड होता आणि चेंडू जोरात मारायचा. १८९८ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत तो अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि आपल्याच विद्यापीठातल्या माल्कम व्हिटमनकडून हरला. १८९९ मध्ये आंतरविद्यापीठ विजेता झाला आणि त्याच वर्षी हॉलकोम्ब वॉर्ड या मित्राबरोबर राष्ट्रीय दुहेरीचे विजेतेपद मिळवले. ते या जोडीने सलग तीन वर्षे सोडले नाही.

आता रेल्वेवाल्यांच्या जिव्हाळ्याचा भाग. १८९९ च्या उन्हाळ्यात डेव्हिस, व्हिटमन, वॉर्ड आणि बील्स राइट हे चार तरुण आगगाडीने अमेरिका खंड ओलांडून पॅसिफिक किनाऱ्यावर खेळायला गेले. बरोबर वडीलधारे म्हणून बील्सचे वडील जॉर्ज राइट होते. त्या काळी टेनिस म्हणजे पूर्व किनाऱ्यावरच्या काही श्रीमंत क्लबांचा खेळ. पण कॅलिफोर्नियात पूर्वेच्या पोरांविरुद्ध आपली पोरे उभी राहिली म्हटल्यावर लोक उत्साहाने बघायला आले. व्यक्ती हरली की बघणारा हळहळतो आणि घरी जातो. पण गाव हरले की चरफडतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा येतो. ही गोष्ट वीस वर्षांच्या डेव्हिस यांनी त्या प्रवासात हेरली. दोन गावांत जे होते ते दोन देशांत का होऊ नये, हा विचार तिथला. दिवसचे दिवस गाडीत बसून काढल्यावर माणसाला असे विचार सुचतात, हा माझा पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. फरक एवढाच की आपण ते उतरल्यावर विसरतो.

डेव्हिस विसरले नाहीत. परत आल्यावर त्यांनी बोस्टनच्या एका सराफी पेढीकडून स्वतःच्या पैशाने चांदीचे एक मोठे वाडगे बनवून घेतले. वजन २१७ औंस, म्हणजे सुमारे पावणेसात किलो. १९०० च्या सुरुवातीला ते त्यांनी अमेरिकेच्या टेनिस संघटनेच्या हवाली केले. स्पर्धेला त्यांनी स्वतःचे नाव दिले नव्हते. कागदोपत्री ती आंतरराष्ट्रीय लॉन टेनिस आव्हान स्पर्धा होती. लोकांच्या तोंडी मात्र डेव्हिस कपच बसले. रचना साधी होती: तीन दिवस, चार एकेरी, मधल्या दिवशी एक दुहेरी, तीन जिंकेल त्याचा कप. एकटा कितीही मोठा खेळाडू असला तरी त्याला एकट्याने तीन गुण मिळवता येत नाहीत. दुहेरीत कोणीतरी जोडीदार लागतोच. मला ही योजना फार शहाणपणाची वाटते.

पहिली लढत ऑगस्ट १९०० मध्ये बोस्टनच्या लाँगवूड क्लबवर झाली. समोर फक्त एकच देश होता, ब्रिटन. इंग्रज पाहुणे हा खेळ आपलाच समजून आले होते. आल्यावर त्यांच्या तक्रारी सुरू झाल्या: गवत फार वाढलेले, चेंडू मऊ, जाळे सारखे खाली ओघळते. (तक्रारींत तथ्य होते असे दिसते. मैदानाची देखभाल हा विषय आमच्या रुळांसारखाच आहे, पाहुणे आल्याशिवाय दोष दिसत नाही.) पण खरी पंचाईत झाली ती अमेरिकन सर्व्हिसमुळे. चेंडू हवेत एका बाजूला वळायचा आणि टप्पा पडताच भलतीकडे उसळायचा. कर्णधार डेव्हिस यांनी एकेरीचा पहिला सामना जिंकला, व्हिटमन यांनी दुसरा, आणि डेव्हिस-वॉर्ड जोडीने दुहेरी सरळ सेटमध्ये घेतली. चौथ्या सामन्यात दुसरा सेट ९-९ वर असताना पाऊस आला आणि खेळ तिथेच संपला. म्हणजे या स्पर्धेचे आणि पावसाचे नाते पहिल्या लढतीपासूनचे आहे.

डेव्हिस शेवटचे कपासाठी खेळले ते १९०२ मध्ये. मोठ्या पातळीवरचा खेळ तेविसाव्या वर्षी जवळजवळ संपला. माझ्या दृष्टीने त्यांचे चरित्र इथून रंगू लागते.

सेंट लुईसला परतून त्यांनी १९०३ मध्ये कायद्याची पदवी घेतली, पण वकिली केली नाही. त्याऐवजी ते नगरपालिकेच्या कामात शिरले. सार्वजनिक स्नानगृहे, वाचनालय अशा समित्यांवर काम केले आणि १९११ मध्ये शहराचे उद्यान आयुक्त झाले. एवढ्या श्रीमंत माणसाने उद्यान खाते का घ्यावे, असे तेव्हाही लोकांना वाटले असेल. त्या काळी बागेचा अर्थ ठरलेला होता. रविवारी चांगले कपडे घालून बांधीव वाटेने फिरायचे, फुले लांबून पाहायची आणि गवतावर पाय ठेवायचा नाही. डेव्हिस यांनी गवतावर चालण्याची मनाई करणाऱ्या पाट्या काढून टाकल्या. बाग शोभेसाठी नसून वापरासाठी आहे, असे त्यांचे मत होते. १९०४ चे जागतिक प्रदर्शन ज्या फॉरेस्ट पार्कमध्ये भरले होते, त्या सुमारे १३०० एकरांच्या बागेत त्यांनी बेसबॉलची मैदाने, गोल्फचे मैदान आणि टेनिस कोर्टे केली. क्लबचे सभासदत्व नाही, शिफारस नाही, कोणीही यावे आणि खेळावे. नगरपालिकेने टेनिस कोर्टे बांधून ती लोकांना खुली करून द्यायची, ही गोष्ट अमेरिकेत तेव्हा नवी होती. चार वर्षे त्यांनी हे काम केले.

इथे थोडे स्वतःचे सांगतो. मी रेल्वे कॉलनीत वाढलो. आमच्या जंक्शनवर दोन टेनिस कोर्टे होती, एक अधिकाऱ्यांच्या क्लबात आणि एक इन्स्टिट्यूटमध्ये. इन्स्टिट्यूटच्या कोर्टावर खडी-सिमेंटची पोती पडलेली असत. क्लबच्या कोर्टावर आम्ही मुले संध्याकाळी चेंडू उचलायला जात असू. चेंडू उचलण्याची परवानगी होती, खेळण्याची नव्हती. एकदा साहेब लोक चहाला गेले असताना मी पडलेली रॅकेट उचलून भिंतीवर दोन चेंडू मारले. त्याबद्दल दुसऱ्या दिवशी वडिलांना ऑफिसात बोलावून समज दिली गेली. वडील मला काही बोलले नाहीत, पण मी पुन्हा तिकडे गेलो नाही. असो. डेव्हिस यांच्या पाट्या काढण्याचा मजकूर वाचताना मी तो परिच्छेद दोनदा का वाचला, हे एवढ्यासाठी सांगितले.

पुढची वर्षे भराभर सांगता येतील, कारण ती सरकारी नोंदींतली आहेत. पहिल्या महायुद्धात ते फ्रान्समध्ये लढले आणि सप्टेंबर १९१८ च्या अखेरीस गाजवलेल्या शौर्याबद्दल मोठे पदक मिळाले. १९२० मध्ये सिनेटच्या उमेदवारीसाठी उभे राहिले आणि पडले. १९२५ ते १९२९ अमेरिकेचे युद्धमंत्री, आणि त्यानंतर १९३२ पर्यंत फिलिपिन्सचे गव्हर्नर जनरल. म्हणजे दुसऱ्यांच्या देशावर राज्य करणारे साहेब! फिलिपिनो लोक तेव्हा स्वातंत्र्य मागत होते, हे आपण भारतीयांनी तरी विसरू नये. पत्नीच्या आजारपणामुळे त्यांनी ते पद सोडले आणि त्याच वर्षी पत्नीचे निधन झाले.

या काळातही टेनिस सुटले नव्हते. १९२१ मध्ये वाडग्यावर नावे कोरायला जागा उरली नाही, तेव्हा डेव्हिस यांनी चांदीचे एक मोठे तबक दिले. त्यानंतर खाली लाकडी चौथरे चढत गेले. आज हे सगळे मिळून १०५ किलो भरते, म्हणजे ५२ किलोच्या रुळाचा दोन मीटरचा तुकडा. वरचे वाडगे मात्र तेच. योगायोग असा की १९२१ मध्येच भारत या स्पर्धेत प्रथम उतरला आणि पॅरिसला जाऊन फ्रान्सला ४-१ असे हरवून आला. पुढे जपानने आपल्याला रोखले. त्या सुरुवातीच्या वर्षांतल्या भारतीय संघात मुंबईच्या फैजी घराण्यातले खेळाडू होते. जंजिऱ्याच्या बेगम नाझली याच घराण्यातल्या, हे आपल्या कोकणातल्या मंडळींना सांगायला हवे.

१९२३ मध्ये डेव्हिस अमेरिकन टेनिस संघटनेचे अध्यक्ष झाले. त्याच वर्षी सार्वजनिक बागांत खेळणाऱ्यांसाठी राष्ट्रीय स्पर्धा सेंट लुईसमध्ये सुरू झाली आणि तिच्यासाठीही त्यांनी चषक दिला. या दुसऱ्या डेव्हिस चषकाचे नाव आपल्याकडे कोणी ऐकलेले नाही.

पण सगळेच गोडगोड लिहिणे बरे नव्हे. डेव्हिस ज्या संघटनेचे अध्यक्ष होते, तिच्या स्पर्धांची दारे काळ्या खेळाडूंना बंद होती. त्यांनी १९१६ मध्ये आपली वेगळी संघटना काढली होती. बागेची पाटी काढणाऱ्या माणसाला ही अदृश्य पाटी काढता आली नाही, किंवा ती काढावी असे वाटले नाही. ती निघायला बराच काळ गेला. १९४३ मध्ये व्हर्जिनियातल्या रिचमंड गावी जन्मलेल्या आर्थर अ‍ॅशचे वडील काळ्यांसाठी राखून ठेवलेल्या सार्वजनिक बागेचे रखवालदार होते. घर बागेतच, दाराशी टेनिस कोर्ट. तिथे शिकलेला हा मुलगा १९६३ मध्ये डेव्हिस कपासाठी अमेरिकेकडून खेळणारा पहिला काळा खेळाडू झाला आणि पुढे संघाचा कर्णधारही.

आणि आपले पुणे? सप्टेंबर १९७४ मध्ये डेक्कन जिमखान्यावर अमृतराज बंधूंच्या भारतीय संघाने सोव्हिएत संघाला ३-१ ने हरवून अंतिम फेरी गाठली. समोर दक्षिण आफ्रिका होती, जिथे वर्णभेद हा कायदा होता. भारत सरकारने खेळायला नकार दिला आणि कप न खेळताच आफ्रिकेकडे गेला. १९६६ आणि १९८७ या अंतिम लढती आपण खेळून हरलो. १९७४ ची न खेळता सोडली. खेळाडूंचे त्यात मोठे नुकसान झाले, ते भरून निघाले नाही. तरीही मला तो नकार योग्य वाटतो.

डेव्हिस यांचे निधन २८ नोव्हेंबर १९४५ रोजी वॉशिंग्टन येथे झाले, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी. महायुद्धामुळे १९४० पासून स्पर्धा बंद होती आणि १९३९ मध्ये जिंकल्यामुळे कप ऑस्ट्रेलियाकडे होता. ती पुन्हा सुरू झालेली त्यांना पाहायला मिळाली नाही. दोन देशांनी सुरू झालेल्या या स्पर्धेत आता दीडशेहून अधिक देश नाव नोंदवतात. पाच सेटचे सामने २०१९ पासून गेले, याची हळहळ माझ्यासारख्या जुन्या प्रेक्षकांना आहे. सेंट लुईसच्या फॉरेस्ट पार्कमध्ये डेव्हिस यांच्या नावाचे टेनिस केंद्र आहे आणि ते सार्वजनिक आहे.

आपल्या बनशंकरीतल्या घराजवळच्या बागेतही पाटी आहे, कन्नड आणि इंग्रजीत: गवतावर चालू नये, खेळू नये. बाग सुंदर ठेवली आहे, माळीबुवा मेहनती आहेत, त्यांच्याविषयी तक्रार नाही. पण आपल्या इमारतींमधली पंधरा-वीस मुले गाड्यांच्या मधून रस्त्यावर खेळतात. बागेच्या मागच्या कोपऱ्यात, जुन्या पंपहाऊसशेजारी, गवत नसलेली मोकळी जागा पडून आहे. ती सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दोन तास मुलांना खेळायला मिळावी, असा अर्ज आम्ही काही पालकांनी कन्नडमध्ये तयार केला आहे. मंडपात प्रसादाच्या टेबलाशेजारी तो ठेवलेला असेल. आरती झाल्यावर वाचावा आणि पटल्यास सही करावी. कन्नड शेजाऱ्यांनाही आवर्जून सांगावे, मुले त्यांचीही आहेत.